नऊ डॉलरचा चिमटा

टीगच्या गहाणदुकानात, काचेखाली,
लग्नाच्या अंगठ्या आणि बंदुकीच्या दुर्बिणी यांच्या मध्ये
तीन कापो पडलेले.
एक पट्ट्याचा, चार डॉलर,
मोज्याच्या जुन्या इलॅस्टिकसारखा सैल.
एक पितळी, स्क्रूचा, बावीस.
तो उचलला, वजन घेतलं, परत ठेवला.
एक स्प्रिंगचा, काळा, नऊ.
टीग म्हणाला, "आर्लिस, आठच दे."
म्हटलं, "नऊ घे. उपकाराची पट्टी मला झेपत नाही."

गिटार बरोबर नेली होती.
बूट घ्यायला जाताना पाय घरी ठेवून कोण जातं?
दुसऱ्या पडद्यावर चिमटा लावला, एकेक तार छेडली.
पाच नीट बोलल्या.
तिसरी चढी लागली, तिचा गळा जरा जास्तच दाबला जात होता.
स्वस्त वस्तूंचं हे असंच,
एक तर धरत नाहीत,
नाहीतर जीव जाईपर्यंत धरतात.

चाळीस वर्षं मी हॅर्लनच्या खाणीतले पंप दुरुस्त केले.
त्याच्या जबड्यातलं कडक रबर खरवडून
सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.
मग शिकलो त्याची खोड:
पडद्याला खेटून ठेवायचा, पडद्यावर नाही.
तिरका नको.
आणि लावल्यावर तारा पुन्हा एकदा जुळवायच्या,
कितीही घाई असो, पाद्री घड्याळाकडे बघत असो.

बुधवारच्या प्रार्थनेला माझी बहीण डेल्फिया गायची.
चर्चच्या पियानोवर पांढरी सात,
माझ्या दांडीवर चौथा पडदा.
मला चारच आकार येतात,
तेसुद्धा बोटांना ठाऊक, मला नाही.
बाकी सगळं चिमटा बघून घ्यायचा.

ऑगस्टात लेक्झिंग्टनला तिच्या गळ्यातली गाठ काढली.
आवाज परत आला,
पण तळघराच्या पायऱ्या अर्ध्याच चढून.
चौथा पडदा, नाही.
दुसरा, नाही.
चिमटा काढून तारा मोकळ्या सोडल्या, पांढरी पाच,
आणि उंच ट्रक पुलाखाली अडकावा
तशी ती पहिल्याच ओळीत अडकली.

नऊ डॉलरचा घ्या नाहीतर बावीसचा,
चिमटा वर नेतो. फक्त वर.
इतकी वर्षं वाजवतोय,
खाली यायची वेळ येईल
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली, "म्युलिन्सच्या सुनेला सांग."
आणि कॉफीत साखर घालत राहिली,
जी ती घेत नाही.

मी खुंट्या उलट्या फिरवल्या.
सहाही तारा, दोन-दोन घरं खाली.
लाकडानं श्वास सोडला. हसू नका, मी ऐकला.
पांढरी चार.
ती कपाकडे बघत गायली,
पहिली ओळ घोगरी,
दुसरी घोगरीच, पण तिची.

ओसरीवरून टॅबिथा आत आली, तिची नात, वय अकरा,
हातात अर्धं सोललेलं संत्रं.
तीच ओळ तिनं सहज उचलली,
आजी पूर्वी जिथे उभी राहायची, बरोबर तिथे.
मी बोटं मोजली: सहावा पडदा.

आता बुधवारी दोन कडवी डेल्फियाची.
तोवर चिमटा गिटारच्या डोक्याला चावून बसलेला असतो,
सुताराच्या कानामागच्या पेन्सिलीसारखा.
मग एका हातानं, एका श्वासात,
डोक्यावरून सहाव्या पडद्यावर.
पितळी असता तर स्क्रू फिरवता फिरवता
प्रार्थना संपली असती.

टॅबिथा गाते.
डेल्फिया तिच्याकडे बघत नाही, माझ्या डाव्या हाताकडे बघते.
तारा जुळवायला वेळ नसतो,
तिसरी अजून जराशी चढी लागते.
आजवर कुणी काही बोललेलं नाही.