पासंग

सल्लागार मॅडम पुण्याहून पडद्यावर येतात,
दर शनिवारी, साडेनऊला.
म्हणाल्या, शिवलीला, तू मराठवाड्याची,
दुष्काळ लिही ना.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा
केवढी होतीस तू?

दहा वर्षांची.
आणि तेव्हा मी बिदरला, मामाकडे,
कूलरसमोर बसून आंबे खात होते.
हे लिहू का?

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
एक शब्द जास्त झाला की रकाना घेत नाही.
पहिल्या खर्ड्यात मी आईचे हात भेगाळून टाकले.
आई शाळेत चित्रकला शिकवते,
तिच्या नखांत फार तर पोस्टर कलर असतो.
दुसऱ्यात आजोबांना मारलं.
आजोबा आतल्या खोलीत
टीव्हीचा आवाज वाढवत होते.
तिसऱ्यात स्वतःला कंदिलाखाली बसवलं,
इन्व्हर्टरच्या उजेडात.
मॅडमनी समासात लिहिलं :
सुंदर! हे अगदी खरं वाटतं.

वाटतं.

आमचं घर वर, दुकान खाली,
उदगीरच्या मोंढ्यात, डाळमिलच्या वाटेवर.
अप्पा काटे दुरुस्त करतात.
लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं,
भोकात शिसं, शिशावर सरकारी शिक्का.
शिक्का मागून बघावा, अप्पा सांगतात,
आधी रिकामी पारडी बघावीत.
एक पारडं वर राहिलं
तर साखळीला तारेचा तुकडा बांधायचा, नाहीतर चिंचोका.
तो पासंग.
त्याचा भाव कुणी विचारत नाही,
आणि तो नसला तर
पुढचं सगळं मोजमाप खोटं.

नववीत होते मी.
एक आडत्या दिवेलागणीला आला,
शटर अर्धं ओढून बोलला.
पोत्यामागं दोनशे ग्रॅम, एवढंच.
अप्पा नाही म्हणाले.
बराच वेळ नाही म्हणाले.
मग त्यांनी पेचकस घेतला.
मी जिन्यात उभी होते, तिसऱ्या पायरीवर.
त्याच महिन्यात माझ्या लातूरच्या क्लासची फी भरली.
पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी
अप्पा सायकलवर गेले
आणि काटा पुन्हा सरळ करून आले.
पैसे परत दिले का, माहीत नाही.
विचारलं नाही.

परवा रात्री दोनला हे सगळं इंग्रजीत उतरलं.
इंग्रजीत अप्पा उंच दिसायला लागले,
त्यांच्या बनियनवरचा ग्रीसचा डाग गेला.
तो मी परत लावला.
सहाशे अकरा शब्द झाले.
मॅडम म्हणाल्या, उरलेल्या जागेत
यातून काय शिकलीस ते घाल,
नाहीतर ते लोक गोंधळतील.

पण ते लोक कोण?
समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी खोलीत
कॉफीचा मग घेऊन बसलेल्या माणसाला
माझा बाप दाखवायचा
तर आधी बापाला विचारायला नको?

सकाळी सुशीला खाता खाता ते म्हणाले,
'काय लिहुलालीस गं एवढं?'
मी मराठीत करून वाचत गेले.
त्यांचा घास ताटाशीच थांबला.
शेंगदाणे एका बाजूला सारत
सगळं ऐकलं त्यांनी, शेवटपर्यंत.
मग म्हणाले,
'दोनशे नव्हतं. दीडशे.'

'आणि पैसे?' मी विचारलं.
ते किल्ल्या घेऊन उठले होते.

मी आकडा दुरुस्त केला.
एकोणचाळीस शब्दांची जागा तशीच ठेवली.
खाली शटर वर जाताना ऐकू आलं,
अर्ध्यावर थांबलं,
मग पूर्ण.