तपकिरी

पावतीपुस्तक क्रमांक तीन. पानं एक्कावन्न ते शंभर.
बँकेतून रिटायर झाल्यापासून
हिशेबाचं एवढंच काम उरलंय माझ्याकडे.
निपाणीत दुकानोदुकानी जायचं आणि सांगायचं,
पोरांच्या चित्रांच्या वर्गासाठी.

"चित्रं? त्यानं पोट भरतंय होय, मामा?"
अडत्यानं पैसे दिले नाहीत,
रिकाम्या वखारीची किल्ली दिली.
वर म्हणाला, शिंका आल्या तर मला बोलायचं न्हाई.

शिंका येतातच.
भिंतींत चाळीस वर्षांची तंबाखू मुरलीय.
मुतगेकर बाई तोंडाला रुमाल बांधून शिकवतात,
साडेपाचनंतर,
कारण त्याआधी घरोघरी पानं कापायची असतात.

कल्लाप्पा म्हणतो हळदी, अरमान म्हणतो पीला,
शेवंता म्हणते पिवळा.
खडू एकच, त्यामुळं भांडण होतं ते खडूवरून.

बेळगावच्या कुठल्याशा शाळेनं दिलेल्या जुन्या पेट्या.
सगळे रंग झिजून नखाएवढे.
तपकिरी तेवढा जसाच्या तसा,
अंगावरचा कागदसुद्धा शाबूत.
तपकीर, तपकिरी.
नावच आमच्या गावच्या मालाचं.
घरी नखांत असतोच तो, इथं कोण घेणार?

बिल्किसनं दोन महिने रंगाला हात लावला नाही.
कात्री मागितली.
रेघ न मारता कापला मासा, सायकल,
टपावर शिडी असलेली अख्खी एस्टी.
हजार विड्यांचा हात तो,
पत्र्याच्या मापाशिवाय पहिल्यांदाच वळत होता.

परवा तिनं तपकिरी उचलला.
दाबून दाबून पूर्ण कागद भरला,
खडू दोनदा मोडला.
मग नखानं खरवडत गेली,
आणि आतून निघाली
मांडीवर सूप घेऊन
बसल्या बसल्या झोपलेली बाई.

न्यायला आलेली आई बघत राहिली.
"पदर असा सुटतोय व्हय माझा?"
म्हणाली, आणि स्वतःचा सावरला.

काल स्टेशनरीवाल्याकडं गेलो.
बारा पेट्या द्या. आणि तपकिरी सुटे मिळतील?
"तेच तर उरतात," तो म्हणाला,
"न्या की फुकट."

पावती फाडायला बसलो.
रक्कम काय लिहू, विचारलं. तो हसला.
मी लिहिलं:
तपकिरी, सव्वीस नग.
त्यातला एक मोडका.