वजनकाटा

केरिचोच्या चहामळ्यावर संध्याकाळी
काटा पुन्हा दोन किलो खोटं बोलला.
बायकांच्या मुठी वळल्या,
सगळ्यांचे डोळे चेलागतकडे.

एक शब्द पुरला असता.
तो तिच्या जिभेवर होता, निखाऱ्यासारखा,
आणि तिला ठाऊक होतं
टाकला तर काय काय पेटेल.

तिनं कारकुनाकडे पाहिलं :
बाहीला दोन रंगांचा दोरा,
थरथरणारं पेन.
ह्यालाही वरून कुणीतरी तोलत असणार.

"रोतिच, पुन्हा मोज. आम्ही थांबतो,"
म्हणाली, आणि टोपलीशेजारी
खाली बसली.
हळूहळू सगळ्याच बसल्या.

काळोख पडेस्तोवर तो मोजत राहिला,
एकेक टोपली,
बोट काट्यापासून लांब धरून.

घरी आल्यावर मात्र
तिनं रिकामं पातेलं
भिंतीवर असं आपटलं
की शेजारची कुत्री भुंकत राहिली.