नमुना तेरा

सांवेर रोडच्या शेडमध्ये फळीवर बारा नमुने उभे आहेत,
प्रत्येकाच्या पोटावर माझ्या अक्षरात खडूचा आकडा.
पहिल्याचा दट्ट्या अर्ध्यात अडकला.
चौथ्याची चकती दाबाने फुगली,
कढईत शेवेऐवजी गोळे पडले.
सातवा इतका जड, की कुंदाताई म्हणाल्या,
याने शेव पाडू की दार अडवू?

नवव्याबद्दल आम्ही बोलत नाही.

तीन महिने शेडमध्ये
कूलंटचा आणि लवंगेचा मिळून एकच वास.
एका चाचणीला किलोभर बेसन,
आणि चाचणीची शेव फेकायची नाही, हा मुकुलदादांचा नियम.
आधी आम्ही खाल्ली, मग शेजारच्या पाइपवाल्यांनी,
मग माल भरायला थांबलेल्या ड्रायव्हरांनी.
आता गेटवरची कुत्रीसुद्धा
हुंगून मान फिरवतात.

कागदावर सोपं होतं सगळं.
मी तरफ काढली, टेकू काढला, लाल बाण काढला:
मनगटाचा जोर निम्म्याहून कमी.
कुंदाताईंचं मनगट कागदावर कुठे होतं?
लोकमान्य नगरात एकवीस दिवाळ्या शेव विकून
ते रात्री मिठाच्या गरम पुरचुंडीखाली झोपतं.

रज्जबभाईंनी तेरावा लेथवरून उतरवला,
आतली बर बोटाने चाचपली, फडक्याने पुसला,
माझ्या हातात ठेवला.
"तेरा," म्हणाले, "मतलब तेरा. मेरा काम खतम."

तेराव्याने शेव सोडली झरझर,
तेलावर पिवळा भोवरा, कुठे तुटलं नाही.
मुकुलदादा घड्याळ बघत होते, मी कुंदाताईंचा चेहरा.
त्यांनी झारा खाली ठेवला.
"दुखत नाही गं," म्हणाल्या,
"पण कळतही नाही.
पीठ घट्ट आहे की सैल, संपत आलंय की आहे अजून,
हे मला हात सांगायचा.
आता हात गप्प बसलाय."

कुणीच काही बोललं नाही. कढई चरचरत होती.

मग तरफ दोन बोटं आखूड केली.
थोडा जोर परत आणला.
चाचणीच्या वहीत लिहायला जिवावर आलं:
सुधारणा – त्रास वाढवला.
आकडा तेराच ठेवला,
चौदा लिहिला असता तर मुकुलदादा बँकेत जाऊन रडले असते.

धनतेरसला बारा दिवस असताना
बर्तन बाजारात, नेमाजींच्या काउंटरवर
झेंडूची माळ घालून तो बसला.
खोक्यावर नाव: झरझर.
नावाखाली हसणारी बाई,
चित्रकाराने तिचे हात काढलेच नव्हते.
पहिल्या दिवशी चार गेले.
चौथा मुकुलदादांच्या मेव्हण्याने घेतला, तोही उधार.

तिसऱ्या दिवशी एक परत आला.
तुटला नव्हता, गळत नव्हता.
आणणारी मुलगी माझ्याच वयाची,
तिने तो काउंटरवर ठेवला, फिरवला,
पुन्हा फिरवला.
"उलटा आहे," ती म्हणाली.
नेमाजी म्हणाले, बेटी, सुलटाच आहे, असा धरायचा.
"मी डावरी आहे."

नेमाजी हसले. नोकर हसला.
बारा नमुने, साडेतेरा किलो बेसन,
एक लाल बाण,
आणि आमच्यातल्या एकालाही
दुसरा हात आठवला नव्हता.

मी तिला विचारलं, पाच मिनिटं आहेत का?
बिलाच्या पाठीवर तिचा डावा पंजा ठेवून घेतला,
पेन्सिल भोवती फिरवली.
करंगळीशी जरा अडखळले, तिथे अंगठी होती.

खाली आकडा लिहिलाय.
रज्जबभाईंना अजून सांगितलं नाही.