विंचू

इमारतीला एकशे चाळीस वर्षं झाली
म्हणून आठ हजार दिव्यांचं काम मिळालं.
उत्तरेश्वर पेठेतनं शिडी घेऊन आलो,
मी आणि पुतण्या, सर्जेराव.

ह्या काळ्या दगडात खिळा जात नाही.
तीन वाकले. चौथा उडाला तो
खाली प्राचार्यांच्या गाडीवर, टाण्णकन.
सर्जेराव म्हणाला, काका, इमारत ऐकंना.
म्हटलं, माझंही ऐकलं नव्हतं तिनं,
एफवायला दोनदा. गणित.
तिसऱ्यांदा बापानं फी नाही दिली,
पक्कड दिली.

मग सुतळीनं बांधत गेलो,
कमानीच्या गळ्यात, खांबांच्या मनगटांना,
म्हाताऱ्याला सदरा चढवावा
तसं, हळू.

वर, कंगोऱ्याच्या मागं,
जिथं पारव्यांशिवाय कुणी जात नाही,
दगडावर छिन्नीनं कोरलेला विंचू निघाला.
करंगळीएवढा. नांगी वर.

खाली संगमरवरावर नावं आहेत:
पाया घालणाऱ्या साहेबांचं,
देणगीदारांची, आकड्यांसकट.
ज्यानं खरंच पाया घातला असेल
त्यानं हा विंचू ठेवला
आणि उतरून गेला.
बोट फिरवून बघितलं.
अजून टोचतो.

संध्याकाळी बटण दाबलं.
पोरं ओरडली. जुन्या बॅचच्या माणसांनी
चष्मे पुसले, मग फोटो काढले.
भाषणं चालू असताना प्राचार्य मागं आले, कानात म्हणाले,
अहो, वर डाव्या कोपऱ्यात अंधार राहिलाय.

अंधार नाही सर.
तिथला दिवा भिंतीकडं तोंड करून लावलाय.
बिलात धरलेला नाही.