असामी एक

पोरीच्या पडताळणीला
सदुसष्टच्या आधीचा कागद पाहिजे म्हणाले,
म्हणून मी पणजोबाला शोधायला निघाले.
एरवी कोण जातं?

घरात त्याचं एवढंच होतं :
दस्तगीर हे नाव, आणि एक फोटो,
तोही एकोणीसच्या पुरात
चार दिवस कपाटासकट पाण्यात राहिलेला.
काच काढायला गेलो
तर चेहरा काचेबरोबर निघून आला.
आता फेटा नाही, मिशा नाहीत,
नुसता तपकिरी डाग, आणि डागाखाली
गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट.
शेजारी बैलगाडी. गाडीवर चित्ता,
डोळ्यांवर चामड्याचं टोपरं,
ठिपका न् ठिपका शाबूत.
मागं शाईत लिहिलेलं : मैना. वय वर्षे चार.
माणसाचं वय कुणी लिहिलं नव्हतं.

पुरालेखागारात उपाध्ये म्हणून आहेत, मोडी वाचतात.
आडनाव ऐकून हसले नाहीत,
एवढ्यावरच मी त्यांना मानलं.
शाळेत हजेरीला चित्तेवान म्हटलं की
मागच्या बाकावरून कोणतरी डरकाळी फोडायचं.
चित्ता डरकाळी फोडतच नाही,
पाखरासारखा चिवचिवतो,
हे मला आत्ता, पन्नाशीत कळलं.

शिकारखान्याचा रुमाल सोडला त्यांनी.
लाल कापड, आत वाळवीची भोकं, एक चपटी मेलेली कसर.
बोट न टेकवता ओळीवरून फिरवत
हळू वाचत गेले, दुसऱ्याच्या घरचं पत्र वाचावं तसं :
मैना चित्ती. मटण दररोज शेर चार.
लोणी पावशेर.
थंडीकरिता झूल बनातीची, एक.
मैना आजारी, वैद्यास बिदागी.
मैनेचे गाडीस वंगण.
आणि पानाच्या तळाशी, वंगणाच्या आसपास,
नोकर असामी एक. दरमहा रुपये सात.

तीन वर्षं, छत्तीस पानं,
असामी एक.
मी म्हटलं, हाच असणार.
उपाध्ये म्हणाले, असेल हो,
पण असेल वर दाखला मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी, चहाला उठता उठता
एक चिठोरं निघालं. अर्ज. अक्षर कारकुनाचं.
दस्तगीर वलद बाबू चित्तेवान अर्ज करतो ऐसा जे,
घरी बायको बाळंत, मूल अशक्त,
आठ रोज रजा मिळावी.
खाली दुसऱ्या शाईत :
चित्ती दुसऱ्याचे हातून खात नाही. सबब नामंजूर.

ते अशक्त मूल म्हणजे माझे आजोबा.
नव्वद वर्षं जगले.
पहाटे गंगावेशीत उभ्या उभ्या धारोष्ण दूध प्यायचे
आणि बापाचं नाव निघालं की
विषय म्हशीवर न्यायचे.

अर्जावर सही नाही, निशाणी आहे.
कुणबी नांगर काढायचे, बायका बांगडी,
उपाध्ये सांगत होते, सांगता सांगता थांबले.
इथं एक गोल. त्याला दोन बंद.
टोपरं.
माझ्या करंगळीच्या नखाएवढं,
एका बंदाची शाई जरा फरफटलेली.

जातीचं त्या कागदात अक्षर नाही.
नक्कल मिळायला आठ रोज लागतील म्हणाले.
आठ रोज.
मी काही बोलले नाही.

मैना पुढच्या पावसाळ्यात गेली.
पट्टा एक, टोपरे एक, सरकारजमा.
त्यानंतरच्या पानावर
असामीची ओळच नाही.

रात्री पोरगी फोटो मोबाईलवर मोठा करून बघत होती,
दोन बोटांनी ताणून, आधी डाग, मग चित्ता.
मम्मी, हिचे डोळे बांधलेत ना?
हो.
मग तोंड बरोबर त्याच्याकडं कसं?