थंड साठा

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या इमारतीत
मे महिन्यात दोनच जागा गार:
दाणी साहेबांची केबिन आणि टेपांची खोली.
शुक्रवारी साहेबांचा एसी बसला,
तेव्हापासून तेही फायली घेऊन टेपांत येऊन बसतात.

चौदाशे बारा टेपा.
एकोणऐंशीपासूनची विहिरींची पातळी,
नरखेड, काटोल, कुही, भिवापूर,
जमिनीपासून खाली किती मीटर, दोन दशांशांपर्यंत.

आदेश आला: सगळं नव्या जागी न्या.
नवी जागा कुठं, ते आदेशात नाही.
कंपनीचा मुलगा म्हणाला, हैदराबादेत असेल, नाहीतर आणखी कुठं.
"हे कोणी फारसं मागत नाही ना?
मग थंड साठ्यात टाकू, स्वस्त पडतो.
कधी लागलंच, तर बारा तास आधी सांगायचं."

थंड साठा म्हटलं की मला कळमना आठवतो.
बाबा तिथं संत्र्यांचे क्रेट रचायचे.
सत्तेचाळीस डिग्रीत काखेत स्वेटर घेऊन निघालेला माणूस,
गल्ली हसायची.
ते म्हणायचे, "आतलं फळ सडत नाही,
पण गोडही होत नाही पोरी. थांबून राह्यते फक्त."

पण आधी भट्टी.
जुनी टेप स्वतःलाच चिकटते;
तशीच लावली तर तपकिरी भुकटी होऊन गळते
आणि कुहीचा एक अख्खा उन्हाळा जातो.
म्हणून चोपन्न अंश, आठ तास,
मग थोडे दिवस ती बोलते.
रहमतभाई दारातून म्हणाले,
"काहून वीज जाळता मॅडम? गच्चीवर ठेवा ना बाप्पा."

बोलली.
आकड्यांच्या शेवटी शेऱ्याचा रकाना, चाळीस अक्षरांचा:
दोर पुरला नाही.
विहिरीत साप. मोजले नाही.
मालकीण म्हणाली घरात लग्न आहे, उद्या या.
आणि एप्रिल ब्याण्णव, विहीर एकशे सहा:
मोजले. बसलो. पुन्हा मोजले. तेवढेच.
खाली टे. उ. म्हणजे टेमराज उइके,
निवृत्त, आता मांढळला असतात म्हणे.

नव्या साच्यात सहा रकाने. शेरा नाही.
"तो उडवा मॅडम," मुलगा म्हणाला,
"साच्यात आकडेच बसतात.
बेरीज आम्ही नंतर घेतो, जुळेलच."

जुळली असती.
न नेलेल्याची बेरीज कोण विचारतं?

मी एक नवी विहीर खोदली. क्रमांक शून्य.
क ला एक, ख ला दोन, मात्रांना दशांश,
असं करत उइकेंचा साप, दोर, ते लग्न
पातळी म्हणून आत सोडलं.
तीन रात्री लागल्या. कुलरमधली खस वाळून गेली.
अक्षांश-रेखांश रिकामे चालेनात,
झिरो माइलचे दिले.
किल्ली एका कागदावर लिहिली, कागद डब्यात,
डबा कुठं ते अजून ठरलेलं नाही.

मुलानं आलेख काढला, बराच वेळ बघितला.
"ही विहीर फारच वरखाली होते हो."
"होते," म्हटलं. "त्या भागात तसंच आहे."

दाणी साहेबांनी फायलीतून मान वर केली,
मग पुन्हा खाली घातली.
पाठवा, म्हणाले.